फक्कीसाहेब

आमच्या ओव्हरसियरसाहेबांनी माझ्या चेहऱ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, ते मी नोकरीला लागल्यावर कित्येक महिन्यांनी. तोवर ते मला चपलांवरून ओळखत. मी टाईपरायटरवर मान खाली घालून बसलेली असायची आणि साहेब दारातून आत येता येता माझ्या टेबलाखाली बघून म्हणायचे, "बाई, डाव्या टाचेचा खिळा वर आलाय. चांभाराकडे जाऊन या." खिळा खरोखरच वर आलेला असायचा. परक्या पुरुषानं आपल्या पायांकडे बघावं याचा मला आधी भयंकर राग यायचा. पण हा माणूस नगराध्यक्षांच्या जोड्यांकडेही तसाच बघतो, फौजदाराच्या बुटांकडेही तसाच बघतो आणि बैलाच्या खुरांकडे तर सगळ्यांत जास्त आपुलकीनं बघतो, हे लक्षात आल्यावर माझा राग गेला.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागचे हे दिवस. प्रवरेकाठी आमची लहानशी नगरपालिका होती. कोल्हारकडून येणारी एसटी तिथे चहापुरती थांबायची आणि सगळ्या गावाच्या अंगावर धुरळा टाकून पुढे जायची. मी नगरची. टायपिंगची परीक्षा देऊन तिथे लागले होते आणि मावशीकडे राहत होते. ऑफिसात बाईमाणूस म्हणाल तर मी एकटीच.

साहेबांचा अवतार बघण्यासारखा होता. डोक्यावर उन्हानं विटलेली खाकी हॅट, अंगात पांढरा बुशकोट आणि पँटीच्या दोन्ही पायांना सायकलच्या क्लिपा. त्या क्लिपा सकाळी चढायच्या त्या संध्याकाळी उतरायच्या. लग्नकार्यातसुद्धा साहेब क्लिपा लावूनच पंगतीला बसत. आणि गंमत अशी, की ते सायकलवर कधी बसायचेच नाहीत. सायकल हातात धरून तिच्या शेजारून चालायचे. आमचा शिपाई रंगनाथ म्हणायचा, "सायबाची सायकल म्हंजी देवाची पालखी हाय. नुसती मिरवायची. बसायचं न्हाई."

मी एकदा विचारलं, तेव्हा साहेब म्हणाले, "वर बसलं की रस्ता दिसतो बाई. खाली उतरलं की माणसं दिसतात." नगरपालिकेची एक खटारा जीपही होती. तिच्यात ते पाऊल टाकायला तयार नसत.

आपण कुणी भेटलं की 'काय, बरं आहे ना' म्हणतो. साहेब म्हणायचे, "कोणत्या वाटेनं आलात?" हा प्रश्न त्यांनी विचारला नाही असा माणूस गावात नव्हता. एका माणसाचे वडील गेले, तिथे साहेब भेटायला गेले. तो बिचारा डोळे पुसत म्हणाला, "निरोप मिळाला तसा निघालो हो नगरहून." साहेब हळहळले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "कोणत्या वाटेनं आलात?" पुतण्याला मुलगी बघायला गेले, तिथे मुलीला विचारलं, "शाळेत कोणत्या वाटेनं जायचीस?" मुलगी म्हणाली, "शाळा घरासमोरच होती." साहेबांचा मुलीतला रस तिथेच संपला. "मुलगी गुणी आहे, पण तिच्या पायांना सवय नाही," असं त्यांनी बाहेर ओसरीवरच जाहीर केलं. ते लग्न मोडलं आणि भावजयीनं पुढे वर्षभर त्यांच्याशी अबोला धरला.

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे काकू म्हणत असू. बारीक चणीची, तोंडाची फटकळ बाई. मागच्या पावसाळ्यात कुठेतरी पडून तिचा उजवा पाय मुरगळला होता आणि तेव्हापासून ती तो पाय थोडा ओढत चालायची. मला म्हणाली होती, "अगं, सप्तपदी चालू होती आमची. सात पावलांत ह्यांनी भटजींना दोनदा थांबवलं. काय, तर म्हणे पाट सरळ मांडलेले नाहीत, माणूस इथून असा वळेल, तिसरा पाट जरा डावीकडे घ्या! तेव्हाच मी ओळखायला हवं होतं."

साहेबांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "रस्ता सरकार काढतं, वाट माणूस काढतो." त्यांचं म्हणणं, माणसं जिथून आपल्या पायानं जातात तिथेच मुरूम टाकावा. नकाशावर पट्टी ठेवून ओढलेल्या रेघेवर कुत्रंसुद्धा चालत नाही. पण हे ऐकून घ्यायला कुणाला वेळ होता? लोकांना डांबरी रस्ता हवा होता आणि अध्यक्षांना स्वागतकमान हवी होती, त्यांच्या दिवंगत वडिलांच्या नावाची.

अशात शासनाचं एक पत्र आलं. लहान गावांत लोक पायी आणि सायकलीनं हिंडतात, त्यांची सोय कशी कराल याचा आराखडा पाठवा. नगरहून अधिकारी येऊन जागा बघतील, पसंत पडली तर अनुदान मिळेल. मार्चअखेरपर्यंत काम सुरू झालं नाही तर पैसे परत. साहेबांनी ते उभ्याउभ्या वाचलं. मग डोक्यावरची हॅट काढली. हॅट काढलेले साहेब मी पहिल्यांदाच बघत होते. पार टक्कल होतं.

"बाई," ते म्हणाले, "सरकारनं पहिल्यांदा विचारलं."

"काय विचारलं?"

"कोणत्या वाटेनं आलात."

मला हसू आलं होतं, ते मी गिळलं.

अध्यक्षांनी पत्रातला 'अनुदान' एवढाच शब्द वाचला. म्हणाले, "करा तुमी आराखडा. कमान तेवढी घाला त्यात. कमानीखालनं मानूस पायीच जातो का न्हाई?" साहेबांना आधी पावलं बघायची होती.

बाजाराच्या दिवशी गावात चहूकडून माणसं येतात. त्या पहाटे साहेबांनी रंगनाथला हाताशी घेतलं आणि चावडीपुढच्या चौकात, एसटीच्या थांब्यापाशी, शाळेच्या वळणावर पांढरी फक्की पसरली. गटाराकाठी टाकतात तीच. लोक तिच्यावरून जातील, पांढरी पावलं पुढे उमटत जातील आणि गावातल्या खऱ्या वाटा आपोआप दिसतील, असा त्यांचा हिशेब. मग ते नगरपालिकेच्या गच्चीवर जाऊन बसले.

आता आमच्याकडे रस्त्यावर फक्की पडली म्हणजे काय होतं, हे लहान पोरालाही ठाऊक. मंत्री येतो. उजाडलं तसं गावानं फक्की पाहिली आणि मंत्री येणार हे पक्कं केलं. हेडमास्तरांनी शाळा सोडून पोरं रस्त्याच्या कडेला दोन ओळींत उभी केली. बँडवाले आले. माळी झेंडूचे हार घेऊन आला. अध्यक्ष कोट घालून धावत ऑफिसात आले आणि आम्हालाच विचारायला लागले, "कोन येतंय? मला कसं कळवलं न्हाई?" आणि गावाचा शहाणपणा बघा, मंत्र्यासाठी टाकलेल्या फक्कीवर एकानंही पाय ठेवला नाही! बाप्ये, सायकली, बैलगाड्या, सगळे कडेकडेनं अंग चोरून चालले होते. चौकात पोलीस उभा राहून फक्कीची राखण करत होता. गच्चीवरून साहेब ओरडत होते, "अहो, तुडवा! तुडवा तिला!" लोक वर बघून हात जोडत होते.

दुपारी उन्हानं दोन पोरांना घेरी आली तेव्हा कुठे खरं बाहेर आलं. अध्यक्षांनी साहेबांना सगळ्यांदेखत झापलं. कोट फार गरम होत होता, त्याचाही राग त्यात होता. त्या दिवसापासून गावानं त्यांना फक्कीसाहेब करून टाकलं.

पुढच्या बाजाराला त्यांनी फक्की नाही टाकली. नदीची बारीक ओली रेती पहाटेच पसरली. रेतीला कुणी मान देत नाही. संध्याकाळी साहेब चौकात उकिडवे बसून पावलं वाचत होते आणि त्यांचा चेहरा पडला होता. मी घरी निघाले होते. मला हाक मारून म्हणाले, "बाई, हे बघा. वहाणा, बूट, नाल ठोकलेले जोडे, सायकलची चाकं. सगळे बाप्ये. बाजारात तर निम्म्या बाया होत्या. त्या काय उडून आल्या?"

मला उत्तर माहीत होतं. गावातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. चावडीपुढच्या पारावर दिवसभर गावातली वडीलधारी मंडळी बसलेली असायची, आणि त्यांच्या पुढून बाईनं पायात चपला घालून जायचं नाही, अशी रीत होती. एकतर चपला हातात घ्यायच्या, डोक्यावरचा पदर पुढे ओढायचा आणि अनवाणी निघायचं. नाहीतर चावडीमागच्या बोळीतून जायचं, आणि सगळ्या तेच करत. मी आले त्याच दिवशी मावशीनं मला ती बोळ दाखवून ठेवली होती. अंगावर येईल एवढी अरुंद, मधोमध गटार, एका बाजूला बाभळीचे काटे, आणि गावातले पुरुष त्या बोळीत ज्या कामाला येत ते इथे लिहिण्यासारखं नाही. नदीकडच्या वस्तीतल्या बाया डोक्यावर पाटी घेऊन तिथूनच बाजारात यायच्या. मीही रोज तिथूनच येत होते, आणि ऑफिसामागच्या नळावर पाय आणि चपला धुवून मग आत शिरत होते. साहेबांना माझ्या चपला नेहमी ओल्या दिसायच्या. त्यावरून त्यांनी 'बाई फार टापटिपीच्या' असा निष्कर्ष काढला होता! वाट कोणती म्हणून विचारलं की आम्ही बायका एकच उत्तर द्यायचो, "आले अशीच."

मी काही बोलणार तेवढ्यात काकू आली. हातात भाजीची पिशवी. नळावर जायला तिला वेळ मिळाला नव्हता बहुतेक. घोट्यापर्यंत काळा चिखल होता. साहेबांनी तिच्या पायांकडे पाहिलं.

"कोणत्या वाटेनं आलीस?" त्यांनी विचारलं.

काकू थांबली. पिशवी तिनं खाली ठेवली. "पंचवीस वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली. "अख्ख्या गावाला विचारलंत. आज मला विचारताय."

साहेब उठून उभे राहिले.

"बोळीतनं आले. रोज बोळीतनंच येते. मागच्या पावसाळ्यात पडले तीही तिथेच. तुम्ही डॉक्टरांना सगळं विचारलंत, सूज किती दिवस राहील, शेक कशाचा द्यायचा. कुठे पडलीस, असं काही विचारलं नाहीत."

साहेबांनी हॅट काढली. मग खाली वाकून तिची पिशवी उचलली, सायकलच्या हँडलला अडकवली, आणि दोघं बोळीकडे निघाली. त्या बोळीत साहेब पहिल्यांदा गेले ते असे, बायकोच्या मागून. मला फार भरून आलं. का ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आराखडा टाईप करायला दिला. त्यात चौक नव्हता, कमान नव्हती. नुसती बोळ होती. गटार झाकायची, बाभळी काढायच्या, चालायला दगडी फरसबंदी आणि कडेनं सायकलीला मुरमाची पट्टी, थेट पेठेपासून नदीपर्यंत. दुष्काळी कामावर फोडलेल्या खडीचे ढीग गावाबाहेर पडून होते, ती वापरायची. आणि मध्यावर एक कट्टा. उंची अशी की डोक्यावरची पाटी न वाकता टेकवता यावी.

अध्यक्षांनी वाचलं आणि हसू लागले. "बोळीला अनुदान? जिल्ह्यात तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई. गावाची शोभा पुढनं असती साहेब. मागल्या दारी कुनी तोरन बांधतं का?" मग हसू थांबवून म्हणाले, "कमानीचा कागद करा. न्हाईतर अधिकाऱ्याला मी सांगतो, ओव्हरसियर कामाचा न्हाई, दुसरा द्या."

साहेबांनी कमानीचा कागद केला नाही. पण बोळीचाही पुढे सरकला नाही. अधिकारी यायचा दिवस आला तो बाजाराचाच. अध्यक्षांनी त्यांची जीप थेट चौकात उभी करायला लावली, जिथे कमान व्हायची होती. पारावर मंडळी फेटे बांधून बसली होती, सगळ्यांत मध्ये तात्या. हे तात्या म्हणजे गावचे जुने पुढारी, वय झालेलं पण आवाज खणखणीत. अध्यक्ष हातवारे करून कमान हवेत उभी करून दाखवत होते. आमचे साहेब माझ्या टेबलाजवळच्या खिडकीशी उभे होते. त्यांना खाली बोलावलंच नव्हतं. बदली डोळ्यांपुढे होती, पण त्यांना ते दुःख नव्हतं. सारखं एकच म्हणत होते, "पुढच्या पावसात ती परत पडेल हो."

आणि एकदम त्यांनी कान टवकारले. "बाई," ते हळूच म्हणाले, "ही आमच्या मंडळींची चप्पल."

मी खिडकीतून वाकले. नदीकडच्या रस्त्याच्या तोंडाशी काकू दिसली. पायात चपला, उजवा पाय ओढत, चपलेचा फरफर आवाज करत, ती सरळ चौकात चालत येत होती. तिच्यामागे शाळेच्या बाई, त्यांच्यामागे भाजीवाली बायजाबाई डोक्यावर पाटी घेऊन, आणि मागे नदीकडच्या वस्तीतल्या आणखी कितीतरी. सगळ्यांच्या पायात चपला. मी टाईपरायटरमधला कागद तसाच ठेवला, जिना उतरले आणि त्यांच्यात मिसळले. चपला मी घट्ट दाबून चालले.

पारावरची मंडळी चुळबुळली. कुणी इकडे बघतंय, कुणी तिकडे.

"आरं, ह्या कुनीकडं निघाल्या म्हनायच्या?" तात्या म्हणाले.

"बाजाराला, तात्या," काकू म्हणाली. "मागच्या बोळीला पैसे नाहीत म्हणे. आता रोज इकडूनच."

"रोज?"

"दोन टायमाला," बायजाबाई पाटीखालून बोलली. "आन् धुनं घिऊन निघालो तर तिसऱ्यांदा. आमाला काय हौस न्हाई. पन त्या बोळीत पाय मोडून घ्यायचा का?"

तात्यांनी पारावरून इकडे तिकडे पाहिलं. रोज दोन वेळा गावातल्या बायांच्या चपला नजरेसमोरून जाणार, आणि आपण मान कुठे वळवायची? त्यांना ते झेपेना. अध्यक्षांवर ओरडले, "आरं ए, टाक की ती बोळ बांधून! कमान कशाला पायजे? आमी म्हाताऱ्यांनी बसायचं का न्हाई हितं?"

"बोळ? कुठली बोळ?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

साहेब तोवर खाली आले होते. क्लिपा लावलेल्या पँटीत, अदबीनं म्हणाले, "चला, दाखवतो. चालत जावं लागेल." अधिकारी नाकाला रुमाल लावून पलीकडून बाहेर आले तेव्हा त्यांचा एक बूट काळा होता आणि एक तपकिरी. बोळीला अनुदान मिळालं. बायांची सोय व्हावी म्हणून नव्हे, बाया पारापुढून हलाव्यात म्हणून! साहेब म्हणाले, "कारण कोणतंही असो. फरशी तीच बसते."

मार्चच्या आत काम सुरू झालं. पायाखालची फरशी साहेबांनी जातीनं बसवून घेतली. एक म्हातारा लिंब मध्ये येत होता, तर त्यांनी वाट वाकवली, झाड वाकवलं नाही. वाट खुली झाली त्या सकाळी ते हॅट आणि क्लिपा लावून कट्ट्याजवळ उभे राहिले. सायकलवर किटल्या लावलेला दूधवाला गेला. शाळेची पोरं घंटी वाजवत गेली. एक शेळी गेली. बाई एकही आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाया आपल्या पुढच्या चौकातूनच चालल्या होत्या, चपला वाजवत. त्यांना ती सवय लागून गेली होती.

मी साहेबांना शोधत गेले. वाटलं, फार वाईट वाटलं असेल. तर हा माणूस कट्ट्यावर बसून एकटाच हसत होता.

"आराखडा चुकला बाई," म्हणाले. "साफ चुकला."

काकूला विचारलं तर म्हणाली, "मला आता पुढची वाट बरी वाटते. ऊन येतं. आणि तात्या मान खाली घालतात, ते बघायला मिळतं." हळूहळू बाया दोन्हीकडून जायला लागल्या. ओझं असलं की मागून, हात मोकळे असले की पुढून. तात्याही निवळले. वर्षभरात पारावरून हाक मारू लागले, "काय वयनी, आज लौकर?"

पुढे माझं लग्न झालं आणि मी ते गाव सोडलं. साहेब गेल्याचं मला उशिरा कळलं. भेटायला गेले तेव्हा काकू दारात बसली होती, केस पांढरे झालेले. तिनं मला पाहिलं आणि पहिलं काय विचारलं असेल? "कोणत्या वाटेनं आलीस?" मग आम्ही दोघी रडलो आणि हसलोही.

"त्यांना पुढून न्यायचं चाललं होतं," ती सांगू लागली. "मोठा रस्ता, चौक, मान मिळतो म्हणे. मी म्हटलं, नाही. मागच्या वाटेनं न्या. ती त्यांची. उचललं तशी मीही निघाले. सगळे म्हणाले, काकू, बायकांनी उंबऱ्याबाहेर यायचं नसतं. म्हटलं, ती वाट सरकारनं बायकांसाठी मंजूर केलीय. तिच्यावर मला कोण अडवणार?"

"मग? अडवलं कुणी?"

"कोण अडवतंय. थेट नदीपर्यंत गेले. मध्ये कट्ट्यावर त्यांना टेकवलं थोडं." दारातल्या आपल्या चपलांकडे तिनं पाहिलं. उजवी एका बाजूनं झिजली होती.

"लोक म्हणाले, निदान चपला तरी काढा. नाही काढल्या मी. अनवाणी गेले असते, तर मागून कोण येतंय ते त्यांना कसं कळलं असतं?"